माघी पौर्णिमेला वात फूच्या पायऱ्यांवर

पंढरीची माघी एकादशी नुकतीच झाली होती. मी मात्र दक्षिण लाओसमध्ये होते. मेकाँगच्या काठावरच्या चंपासाक गावातून अंधारातच चालायला लागले. वात फू हे प्राचीन मंदिर तिथून दहाएक किलोमीटर. बहुतेक यात्रेकरू ट्रॉलीत किंवा दुचाकीवर बसून पुढे जात होते, पायी चालणारे थोडेच. राजगृहाच्या वेळुवनात १२५० अर्हत, म्हणजे मुक्ती मिळवलेले भिक्खू, कुणी न बोलावता बुद्धांपाशी जमले, अशी परंपरेने सांगितलेली ही पौर्णिमा. वारकऱ्यांच्या घरात वाढलेय मी. आजच्या दिवशी वाहनात बसणं जमलंच नसतं.

उजाडलं आणि पहिलं ऊन समोरच्या फू काव डोंगरावर पडलं. माथ्यावर लिंगाच्या आकाराचा नैसर्गिक सुळका आहे, म्हणून प्राचीन काळी याचं नाव लिंगपर्वत. इथे सापडलेल्या पाचव्या शतकातल्या संस्कृत शिलालेखात देवानीक राजाने कुरुक्षेत्र नावाचं तीर्थ स्थापल्याचा उल्लेख आहे. मेकाँगकाठी कुरुक्षेत्र! आज दिसणारं ख्मेर, म्हणजे प्राचीन कंबोडियाच्या शैलीतलं मंदिर बरंच नंतरचं, मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकातलं, आणि तेही आधी शिवाचंच. पुढे थेरवाद बौद्ध पंथ रुजला, गाभाऱ्यात बुद्ध आले. देव बदलला, पण लोकांनी इथे यायचं सोडलं नाही.

पायथ्याशी भिक्खूंना भिक्षा वाढायला माणसं ओळीने बसली होती. शेजारच्या बाईंनी आपल्या वेताच्या डब्यातला चिकट भात माझ्या हातावर ठेवला आणि पात्रांकडे बोट केलं. मीही वाढला.

मग दुतर्फा दगडी खांब असलेला लांब रस्ता आणि त्यापुढे चढण. पायऱ्या उंच, अरुंद, ठिकठिकाणी खचलेल्या. दोन्ही बाजूंना देवचाफ्याची जुनी, वाकडी खोडं. माझ्या पुढे एक आजी एका हाताने वरच्या पायरीचा आधार घेत चढत होत्या. दुसऱ्या हातात केळीच्या पानाचा शंकू, त्यात झेंडू खोचलेला. त्यांना ओलांडून जावंसं वाटेना. त्या थांबल्या की मी थांबायचे.

वर दारांवरच्या कोरीव पट्ट्या बघतच राहिले. गरुडावर विष्णू, ऐरावतावर इंद्र, कंसाला फाडणारा कृष्ण. कथा ओळखीच्या, घडवणारे हात ख्मेर. आणि त्याच दारांतून आत जाऊन लोक बुद्धापुढे उदबत्त्या लावत होते. मागच्या खडकावर शिव, ब्रह्मा, विष्णू कोरले आहेत.

कड्याखाली झरा आहे. एके काळी हेच पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यात नेऊन लिंगावर अखंड अभिषेक होत असे. आता यात्रेकरू ते डोक्यावर घेतात, घरी नेतात. आजींनी ओंजळभर पाणी आधी माझ्या डोक्यावर ओतलं, मग माझ्या हातातली बाटली घेऊन भरून दिली, आणि त्यानंतर स्वतःची धारेखाली धरली.