मानशीपाशी लिहिलेला लेख

विद्यापीठात संशोधन करणाऱ्याने आपल्या कामाविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिले पाहिजे, असे मी अनेक वर्षे म्हणत आलो. प्रत्यक्ष लिहायला मात्र गेल्या वर्षी बसलो. माझा विषय खाजन जमिनीतला, म्हणजे गोव्यात नदी-खाडीकाठी बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांतला, खारेपणा. पणजीच्या एका दैनिकाला रविवार पुरवणीसाठी नऊशे शब्दांचा लेख हवा होता. शोधनिबंध तयार होता, आकडे हाताशी होते, त्यामुळे दोन संध्याकाळी पुरतील असे वाटले. प्रत्यक्षात सहा आठवडे लागले.

पहिली अडचण मापाची होती. मातीच्या ओलीतून वीज किती सहज वाहते यावरून आम्ही खारेपणा मोजतो, आणि ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे भाताचे उत्पन्न घटू लागते हे वाक्य निबंधात सहज लिहून जातो. मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातून काय लागणार? म्हणून मी ते ग्रॅममध्ये आणले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. भाताच्या मुळांना जाचू लागणारे मीठ मात्र लिटरमागे जेमतेम दोन ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहूनही कमी. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा, इतकी वर्षे तक्त्यात पाहिलेली गोष्ट मला नीट दिसली: शेत बिघडायला बांधच फुटायला हवा असे नाही, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या दाराच्या, फळीला बोटभर फट पडली आणि रोजच्या दोन भरतींचे पाणी थोडेथोडे आत येत राहिले, तरी पुरते.

मानस म्हणजे खाजनाच्या बांधात बसवलेले लाकडी दार. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, त्यामुळे खारे पाणी बाहेर अडते आणि शेतातले जादा पाणी नदीत निघून जाते. निबंधात आम्ही त्याला एकदिश प्रवाहनियंत्रक म्हटले होते आणि लेखाच्या पहिल्या खर्ड्यातही तोच शब्द होता. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाऊन मी तो खर्डा मानशीची राखण करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, दारच म्हणा. आणि तुम्ही कुर्ल्या विसरलात." कुर्ल्या बांधाला बिळे पाडतात, त्या बिळांतून पाणी वाट काढते, आणि चिखल लावून ती बुजवणे हे त्यांचे वर्षभराचे काम आहे. आमच्या निबंधात कुर्ल्यांचा उल्लेख कुठेच नव्हता, कारण आमच्या नोंदवहीत त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

सोपे लिहिताना खोटे लिहिले जाण्याचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. खाऱ्या पाण्याने भात मरतो, असे मी एकदा लिहून गेलो होतो. उत्पन्न घटणे वेगळे आणि पीक मरणे वेगळे. शिवाय कोरगुटसारखे खाजनातले जुने वाण खारेपणात तग धरते, आणि ते ज्यांनी पिढ्यानपिढ्या जपले त्यांच्यापुढे असे वाक्य ठेवणे मला अन्यायाचे वाटले. मी ते खोडले. पुरवणीने दिलेल्या मथळ्यात मात्र शेती नष्ट होत असल्याची हाकाटी होती. तो बदलून घेण्यासाठी मला दोनदा फोन करावा लागला.

पदोन्नतीच्या हिशेबात अशा लेखाला शोधनिबंधाचे गुण मिळत नाहीत. ते मिळावेत असे माझे मत आहे, पण तोवर थांबण्याचे कारण मला दिसत नाही. गोव्यात तर याचा मोठा आधार आपल्यापाशी आहे. साखवाळला १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी श्रीलंकेत जाऊन पालीचे अध्ययन केले, हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्ग या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनाचे काम केले, आणि बुद्धाविषयी मराठीत, पाली न येणाऱ्या वाचकासाठी, आयुष्यभर लिहिले. त्या लेखनात विद्वत्ता कुठे पातळ झालेली दिसत नाही.

लेख छापून आल्यावर आठवड्याभराने चोडणच्याच एका शेतकऱ्याचा फोन आला. "पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाते असे तुम्ही लिहिले आहे, ते खरेच. पण किती पावसाने? रुजवलेले बी कधी पेरायचे, ते आम्ही अंदाजाने ठरवतो." आमच्यापाशी मे आणि जुलैची मोजमापे होती, मधल्या जूनची नव्हती, निबंध तपासणाऱ्या कोणीही ती मागितली नव्हती. येत्या जूनमध्ये पहिली सर पडल्यापासून महिनाभर रोज सकाळी, आधी मोजमापे घेतलेल्या त्याच पाच शेतांतली माती उचलायची, असे आम्ही ठरवले आहे. पर्जन्यमापक ठेवायला त्या शेतकऱ्याने आपल्या अंगणात जागा दिली आहे, आणि नोंद तोच करणार आहे. या वेळी वहीत कुर्ल्यांच्या बिळांसाठीही एक रकाना आखला आहे.