शेबेकची गुराब करताना

साचा पट्टीवर ठेवून मी पहिली फासळी बरोबर मधोमध कापली, त्या दिवशी हात थांबत थांबत चालत होता. लाकडी जहाजाच्या मॉडेलचा चांगला, न उघडलेला किट होता. फासळ्या लेझरने कापलेल्या, एकेक खाच नेमकी. सूचनांप्रमाणे जोडत गेले असते तर आठ महिन्यांत एक देखणं शेबेक तयार झालं असतं. शेबेक म्हणजे भूमध्य समुद्रातलं तीन डोलकाठ्यांचं, त्रिकोणी शिडांचं, पुढे लांब चोच काढलेलं चपळ जहाज. पण मला शेबेक नको होतं, गुराब हवी होती, आंग्र्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज. आणि गुराबेचा किट मला कुठे मिळाला नाही.

माझं माहेर देवगड तालुक्यातलं. लहानपणापासून विजयदुर्गच्या तटावर उभं राहून वाघोटनची खाडी पाहिलेली, गिर्ये इथली खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी पाहिलेली. आत भरतीचं पाणी येतं, ओहोटीला चिखल दिसतो. तिथे जहाजं दुरुस्तीला येत, हे शाळेत असल्यापासून माहीत होतं. पण ती दिसत कशी होती? कुणी विचारलं तर मला कागदावर रेघही ओढता आली नसती. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. तुळाजी आंग्र्यांनी इंग्रजांकडून पूर्वी पकडून आणलेल्या एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि ती शेजारी नांगरलेल्या आरमारात पसरली. एका दिवसात सगळं जळालं. त्या वेळी पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूने जमिनीवर उभं होतं, ही गोष्ट मला आजही सहज वाचता येत नाही.

ठाण्याला एका ओळखीच्या निवृत्त जहाज-अभियंत्यांनी हा किट मला अर्ध्या किमतीत दिला, कारण त्यांचे हात आता थरथरतात. याआधी मी दोन मॉडेलं केली होती, एक साधी मासेमारी होडी आणि एक दोन डोलकाठ्यांची स्कूनर. त्या अनुभवाच्या जोरावर मी मापांना हात घातला.

गुराबेचं सगळ्यात कामाचं वर्णन आहे ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचं. तो शत्रूपक्षाचा, पण त्याची नजर बारीक. गुराबेला बहुधा दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५० टनांपर्यंत. पाण्यात फार कमी बुडते. लांबीच्या मानाने पुष्कळ रुंद, पण मध्यापासून टोकाकडे निमुळती. पुढे नेहमीच्या नाळेऐवजी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाऐवजी, भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या गॅलीसारखी पुढे आलेली चोच. आणि या चोचीच्या मागे एक आडवी भिंत, तिला दोन भोकं, त्यांतून ९ किंवा १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) दोन तोफा चोचीवरून थेट समोर मारा करणाऱ्या. बाजूच्या तोफा ६ ते ९ पौंडी. ‘गुराब’ हा शब्द अरबीतला, अर्थ कावळा. अरब लोक भूमध्य समुद्रातल्या गॅलींनाही हेच नाव देत. म्हणूनच शेबेकचा किट हाती आल्यावर मला वाटलं, हीच नाळ, हीच चोच, फक्त अंग वेगळं.

टनांवरून फुटांवर यायचं कसं? इथे अठराव्या शतकातलं इंग्रजी टनभाराचं सूत्र उपयोगी पडलं. लांबीतून रुंदीचे तीन-पंचमांश वजा करायचे, त्याला रुंदीने गुणायचं, मग रुंदीच्या निम्म्याने गुणायचं, आणि ९४ ने भागायचं. मी वेगवेगळे आकडे घालत बसले. ७० फूट लांबी आणि २२ फूट रुंदी धरली तर १४६ टन येतात. ऑर्मच्या दोन डोलकाठ्यांच्या गुराबेला हे अगदी जवळचं. ही माझी निवड आहे, कुणा सुताराच्या वहीतलं माप नव्हे. पण निदान त्यामागे हिशेब आहे.

किट १:६० चा होता. त्याच्या मधल्या पाटीची, म्हणजे पठाणाची (जहाजाच्या तळाच्या कण्याची), लांबी साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर. ७० फुटांचं जहाज १:४८ ने लहान केलं की तेवढंच येतं. म्हणजे लांबी न बदलता फक्त प्रमाण बदलायचं. यात एक फायदा असा की लांबीचे सगळे तुकडे वाचतात. तोटा असा की माणसाच्या उंचीशी जोडलेलं सगळं, कठड्याची उंची, दारं, पायऱ्या, कप्प्या, नव्याने करावं लागतं. १:६० ला साडेपाच फुटी खलाशी २८ मिलिमीटरचा होतो, १:४८ ला ३५ चा. मी पुठ्ठ्याचा एक खलाशी कापून ठेवला आणि वर्षभर तो प्रत्येक गोष्टीशेजारी उभा करून पाहिला. ज्यांना प्रमाण बदलायचं आहे त्यांना माझं हेच सांगणं राहील. फूटपट्टीच्या आधी माणूस कापा.

राहिली रुंदी. २२ फूट म्हणजे १४ सेंटिमीटर, आणि किटची सगळ्यात रुंद फासळी साडेअकराची. म्हणून मी मधली फासळी उभी चिरली, दोन अर्धुकं अडीच सेंटिमीटरने दूर केली आणि तो आकार चार मिलिमीटरच्या प्लायवर उतरवला. पुढच्या-मागच्या फासळ्यांत हे अंतर कमी कमी करत टोकाला शून्यावर आणलं. अकरा फासळ्या फ्रेट सॉने कापायला तीन आठवडे गेले. असं मधून फाकवल्यामुळे तळ आपोआप सपाट झाला. कमी पाण्यात, खाडीत शिरणाऱ्या जहाजाला तो तसाच हवा. तळातून आणखी आठ मिलिमीटर घासून काढले, तेव्हा कुठे ते अंग मला गुराबेचं वाटायला लागलं.

फळ्या बसवणं मात्र माझ्या अंदाजापेक्षा अवघड निघालं. पहिला थर दीड मिलिमीटर जाडीच्या, लिंडनच्या लाकडाच्या पट्ट्यांचा. मध्ये रुंद आणि टोकाला निमुळतं अंग म्हणजे मध्यावर वीस पट्ट्या मावतात, तिथे नाळेपाशी जेमतेम दहांची जागा. मी पट्ट्या न तासता दाबून बसवत गेले. सातव्या-आठव्या पट्टीपासून कडा एकमेकींवर चढायला लागल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. पॉलिश पेपरने घासून निभेल अशी मी स्वतःची समजूत घातली. निभलं नाही. घासता घासता एका जागी पट्टी कागदासारखी पातळ झाली आणि अंगठा आत गेला.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा ते अर्धवट अंग टॉवेलात गुंडाळून बरोबर नेलं. आमच्या वाडीत एक मेस्त्रीकाका आहेत, आयुष्यभर मचवे आणि होड्या बांधलेले. त्यांनी ते मांडीवर घेतलं, चष्मा न लावताच बोट फिरवलं आणि म्हणाले, “फळी जबरदस्तीन बसत नाय गो बाय. तिका आधी इचार, खय जातंस म्हणान.” मग त्यांनी एक पट्टी फासळ्यांवर नुसती टेकवली, न वाकवता. ती आपसूक जिथे जाईल तिथे पेन्सिलने खूण केली. तीच रेघ धरून वरच्या आणि खालच्या पट्ट्या किती तासायच्या ते ठरवायचं. मॉडेल करणारे हेच सांगतात, मीही वाचलं होतं. पण मेस्त्रीकाकांनी ती पट्टी मोकळी सोडली आणि ती स्वतःहून नाळेकडे वर वळली, तेव्हा मला ते समजलं.

परत आल्यावर आठ पट्ट्या उतरवल्या. फेव्हिकॉलचे सांधे आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ पडतात. ब्रशने लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, पातळ पातीने उचलायचं. या वेळी प्रत्येक पट्टी टोकाकडे तासली, पण निम्म्या रुंदीच्या खाली जाऊ दिली नाही. जिथे तसं होणार असेल तिथे दोन पट्ट्यांची एक केली. वाकवण्याआधी अर्धा तास गरम पाण्यात, मग केस कुरळे करायच्या मशीनवर.

दुसरा थर किटमध्ये अक्रोडाचा होता. मला साग हवा होता, कारण आपल्या किनाऱ्यावरची मोठी जहाजं सागाची. एका पाडलेल्या जुन्या घराच्या वाशातून सुताराकडून अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या काढून घेतल्या. त्या सुंदर दिसत होत्या आणि दोन दिवसांत टपाटप सुटल्या. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यावर सरस धरत नाही. चिकटवण्याआधी लगेच अ‍ॅसिटोनने पुसावं लागतं. तासाभरापूर्वी पुसून ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं. सागाची धूळही वाईट, मास्क न लावता एक दुपार घासलं आणि आठवडाभर घसा धरला. आणखी एक, सागाचे रेषे १:४८ ला जरा भरड दिसतात. अक्रोड जास्त नाजूक दिसला असता. तरी मी सागच ठेवला, त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

सागाच्या आधी, पहिला थर सीलरने बंद केल्यावर मी एक प्रयोग केला. या सगळ्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. किटच्या चोचीला दोन्ही बाजूंनी कठडा होता, कोरीव, फार सुबक. मी तो नव्या मापाने करून बसवलाही होता, कारण त्याशिवाय पुढचा भाग उघडा आणि अपुरा वाटायचा. पण ऑर्म स्पष्ट लिहितो की चोचीच्या डेकला बाजू नसतात, ते उघडंच ठेवतात. कारणही देतो. समोरून लाटा असताना गुराब जोरात डुचमळते, चोच पाण्यात घुसते, आणि वर आलेलं पाणी अडथळ्याविना निघून जायला हवं. मला ते वाक्य पटत होतं, पण दिसत नव्हतं. म्हणून तोफांच्या भोकांवर टेप लावला, तळाशी वाळूच्या पुरचुंड्या ठेवल्या आणि अंग कपडे भिजवायच्या मोठ्या टबात सोडलं. ताटाने समोरून लाटा केल्या.

कठडा असताना तिसऱ्या-चौथ्या लाटेला चोच बुडली, पाणी वर आलं आणि तिथेच साचलं. त्या वजनाने नाळ वर यायला उशीर होई, तोवर पुढची लाट आलेली असे. कठडा उपटला आणि तशाच लाटा केल्या. चोच तशीच बुडली, पण वर येताना पाणी दोन्हीकडून सरळ ओघळून गेलं. मी ते दहा वेळा करून पाहिलं, मुलीला बोलावून दाखवलं. वरून येणारं पाणी मागच्या आडव्या भिंतीवर आपटून थांबत होतं. म्हणजे ती भिंत तोफांसाठी आहे तशी समुद्र बाहेर ठेवण्यासाठीही. चोचीचं डेक मुख्य डेकच्या पातळीत, मध्ये भिंत, आणि चोच उघडी, या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. कागदावर त्या मला तीन वेगळ्या नोंदी वाटल्या होत्या.

समोरच्या दोन तोफा वागळे इस्टेटमधल्या एका लेथवर करून घेतल्या. ९ पौंडी तोफ आठ फुटी धरली तर १:४८ ला ५१ मिलिमीटर, मागचा भाग साधारण ८ मिलिमीटर जाड, नळीचं तोंड २.२ चं. किटमधल्या साडेतीन सेंटिमीटरच्या तोफा नव्या प्रमाणात साडेपाच फुटी होतात, त्या ६ पौंडी म्हणून बाजूंना बसल्या.

तळाला तांब्याचे पत्रे लावायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला. ते चुकीचं झालं असतं. इंग्रजी आरमारातही तांबं विजयदुर्ग पडल्यानंतरच आलं. आपल्याकडे तळाला चुना आणि तेल चोपडत, म्हणून मी फिकट पांढरा रंग दिला आणि तो थोडा घासून मळकट केला.

दोऱ्यांचं काम चार महिने चाललं, त्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्याच मॉडेलांत सारखं असतं. डांबर लावलेल्या दोरासाठी किटमध्ये काळा दोरा होता. आपल्या जहाजांवर काथ्याचे दोर असत, म्हणून पांढरा सुती दोरा पानात घालायच्या काताच्या गरम पाण्यात बुडवला. पहिल्यांदा फार लाल झाला, दुसऱ्यांदा पाणी निम्मं पातळ केलं. मग मधमाशीच्या मेणातून ओढला, म्हणजे बारीक तंतू बसतात. शिडं लावली नाहीत. परबाणं, म्हणजे शिडांचे आडवे वासे, खाली उतरवून बांधली आहेत, नांगरलेल्या जहाजावर असतात तशी.

चौदा महिन्यांनी, मार्चमध्ये, गुराब पेटीत घालून गिर्येला नेली. मेस्त्रीकाकांना गोदीच्या काठावर बसवून ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाळ पाहिली, उघडी चोच पाहिली, मान हलवली. फळ्यांवरून अंगठा फिरवला. मग उलटी करून मागची बाजू बराच वेळ पाहत राहिले.

“सुकाणू ल्हान केलंस गो,” ते म्हणाले. “तळ सपाट, पाण्यात बसता कमी. येवढ्याश्या सुकाणून ही वळतली कशी?”

सुकाणू मी किटमधलंच ठेवलं होतं. खोल बुडणाऱ्या शेबेकचं. चौदा महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी माझ्याच पेन्सिलने पेटीच्या झाकणावर नवा आकार काढून दिला, खाली रुंद, मागे पसरलेला, पठाणाच्या थोडा खाली उतरणारा. ठाण्याला आल्यावर उरलेल्या सागातून तो कापला. पितळेच्या पत्र्याच्या नव्या बिजागऱ्या केल्या, कारण जुन्या पुरेनात. काल संध्याकाळी तो बसवला. झाकण मी पुसलेलं नाही.