येझदीची टाकी मठारताना

आमच्या 1984 च्या येझदी रोडकिंगची टाकी गेल्या पावसाळ्यात गळायला लागली. खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर जरा दाबून बघितला, तर टोक सरळ आत गेलं. गोव्यातल्या डिचोलीत राहणाऱ्याला गंज नवा नाही, पण ही टाकी बाहेरून धडधाकट होती आणि आतून पोखरली होती. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल ओलावा धरतं, आणि तो एका मर्यादेबाहेर गेला की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून सुटून तळाशी थर धरतात. आमची गाडी पावसात दोन-दोन महिने उभी असायची. तळाचा पत्रा त्या थरात भिजत राहिला.

जुन्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लाव, असं दोघातिघांनी सुचवलं. ते मी मुळीच केलं नाही आणि कोणी करूही नये. हवेत दीड टक्क्याच्या आसपास पेट्रोलची वाफ असली तरी ती पेटते, आणि चाळीस वर्षं पेट्रोल मुरलेल्या शिवणींतून ती वाफ धुऊनसुद्धा पुरती जात नाही. मग ऑनलाइन एक नक्कल टाकी मागवली. तिचा पत्रा अंगठ्याने दबत होता आणि मागचं बोल्टचं भोक चासीच्या भोकाशी जुळत नव्हतं, म्हणून परत पाठवली. फायबरची करावी, असाही एक विचार होता. पण फायबर ज्यात बसवतात ते साधं पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलने मऊ पडतं, पापुद्रे सुटतात आणि ते कार्बोरेटरमध्ये जातात. शेवटी लोखंडी पत्र्याची टाकी घरीच करायची ठरवली. आणि करायचीच, तर मला हवी तशी करायची होती: लांबट, मागे निमुळती आणि गुडघ्यांपाशी खोलगट.

पहिले दोन आठवडे फक्त पुठ्ठ्यात गेले. फ्रिजच्या खोक्याचे तुकडे कापायचे, चिकटपट्टीने जोडायचे, गाडीवर ठेवायचे आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. हँडलची मूठ टाकीला बोटभर अंतरावर यायला लागली, तेव्हा पुढचा भाग अरुंद केला. टाकीच्या पोटातून चासीचा कणा जातो, त्यासाठी मधे पन्हाळीसारखी पोकळी ठेवावी लागते. तिथे चहूबाजूंनी दहा मिलीमीटर मोकळी जागा ठेवली, कारण गाडी हादरते आणि पत्रा कण्यावर घासला की वर्षभरात भोक पडतं. या पोकळीमुळे तळाचे दोन वेगळे खळगे होतात. पेट्रोल बाहेर सोडणारी तोटी, म्हणजे कॉक, एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या खळग्यातलं पेट्रोल तिथेच राहतं, म्हणून दोन्हीकडे निपल, म्हणजे नळी चढवायची छोटी तोंडं, बसवून ते खालून रबरी नळीने जोडायचं ठरलं.

म्हापशातून 1.2 मिलीमीटरचा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला पोलादी पत्रा आणला. आठ बाय चार फुटांचा अख्खा पत्रा सुमारे 28 किलोचा भरतो; मला अर्धा पुरला. जस्त चढवलेला पत्रा घ्यावा, असंही मनात आलं, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर छातीत जातो आणि रात्री थंडी भरून ताप येतो. त्यामुळे तो विचार दुकानातच सोडला.

पुठ्ठ्यावरून पत्रा कापला आणि लाकडी मोगरीने वाळूच्या पिशवीवर बडवायला सुरुवात केली. तीन दिवसांत उजव्या अंगाच्या पत्र्याची पार वाट लागली. मधे खड्डे, काठाला चुण्या. जितकं जोर लावून ठोकावं तितका पत्रा वेडावाकडा व्हायचा.

डिचोलीच्या पितळी समया सगळ्या गोव्यात माहीत आहेत. आमच्या ओळखीचे एक कांसार काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे. मी तो पत्रा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उजेडात तिरपा धरला, हात फिरवला आणि विचारलं, ‘‘यात काय भरणार?’’ मी म्हटलं, पेट्रोल. ‘‘म्हणजे भांडंच की. मग भांड्यासारखं कर.’’

त्यांच्या अंगणात मी चार रविवार बसलो. मठारणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. वाळूवर ठोकतो तेव्हा धातू ताणला जातो, पातळ होतो आणि खोलगट होतो. ते नुसतं ढोबळ काम. खरं काम पुढचं. गुळगुळीत लोखंडी खुंटावर पत्रा टेकवायचा आणि सपाट तोंडाच्या हातोडीने हलके, एकसारखे ठोके देत जायचं. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर निम्मा चढला पाहिजे. हात हलवायचा नाही, पत्रा सरकवायचा. काठाला चुणी पडली तर ती एका दणक्यात सपाट करायची नाही, दोन्ही बाजूंनी हलके ठोके देत जागच्या जागी जिरवायची. मी घाईला आलो की काका कोकणीत म्हणायचे, ‘‘घाय करूं नाका रे पुता.’’

ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. त्याचा आवाज बदलतो, ठोक्याला टणत्कार यायला लागतो. तिथे थांबायचं. गॅसच्या ज्योतीने पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि पुन्हा मऊ करून घ्यायचा. पितळ तापवून पाण्यात बुडवलं तरी चालतं, लोखंडी पत्रा मात्र हवेतच निवू द्यायचा. हे मी आधी वाचलं होतं, पण ठोक्याचा आवाज कधी बदलला ते ऐकायला काकांनी शिकवलं. डोळे मिटून हाताने पोचा शोधायचा, हेही त्यांचंच. डोळ्यांना न दिसलेला पोचा तळहाताला लागतो.

दोन्ही अंगं, वरचा पत्रा आणि मधली पन्हाळी अशी तयार व्हायला मे उजाडला. वेल्डिंगसाठी मित्राचं सिंगल फेजवर चालणारं टिग मशीन आणि आर्गनचा सिलिंडर घरी आणला. इथे मला सगळ्यात जास्त त्रास झाला. तापलेल्या वेल्डभोवतीचं आर्गन वायूचं कवच वाऱ्याने विस्कटतं, म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो, आणि गोव्यातला मे महिना, वर पत्र्याची शेड. संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, म्हणून पहाटे पाच ते आठ एवढंच काम करायचो. करंट 45 अँपिअर, गॅस मिनिटाला आठ लिटर. आधी इंचाइंचावर टाके मारले, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून थोड्या थोड्या जोडत गेलो. एकाच बाजूने सलग वेल्ड ओढला तर उष्णतेने पत्रा तिकडेच खेचला जातो. ते मी डाव्या शिवणीवर करून बसलो. बोटभर रुंदीचा झोल आला आणि तो मठारून काढायला पुन्हा दोन सकाळी गेल्या.

कॉक आणि निपल घट्ट बसवायला आट्यांच्या बुशी (पेच पाडलेली जाड कडी) लेथवर करून घेतल्या आणि तळ बंद करण्याआधीच बसवल्या, म्हणजे आतल्या बाजूनेही वेल्ड तपासता आला. तोंडाची नळी मुद्दाम वीस मिलीमीटर आत उतरवली आणि तिच्या वरच्या भागात बारीक भोक पाडलं. पंपावर पेट्रोल नळीच्या खालच्या काठाला लागलं की टाकी भरल्यासारखी दिसते, पण वर हवेची जागा उरते. ती लागतेच. वीस अंशांनी तापमान वाढलं तर बारा लिटर पेट्रोल साधारण पाव लिटरने फुगतं, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या टाकीला तेवढं ऊन सहज लागतं.

गळती तपासताना कॉम्प्रेसर अजिबात जोडू नये. तळाचं क्षेत्रफळ आठशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबानेही तळावर आठशे किलोचा भार येतो. टाकी फुग्यासारखी फुगते, शिवण फाटते. मी बाबांच्या जुन्या बीपी मशीनचा रबरी फुगा आणि डायल वापरली. काटा शंभरावर आणला, म्हणजे चौरस इंचाला साधारण दोन पौंड दाब. शिवणींवर साबणाचा फेस लावला. चार ठिकाणी बुडबुडे आले, चारही जिथे वेल्डिंगचे टाके मारले होते तिथे. नुसता वरून वेल्ड ओतला तर भोक आत तसंच राहतं, म्हणून ती जागा ग्राइंडरने पोखरून मग नव्याने भरली. काटा अर्धा तास हलला नाही, तेव्हाच पुढे गेलो. वेल्डिंग पूर्ण संपल्यावर बाहेरून चुना फासून आत रॉकेल भरून रात्रभर ठेवलं. सकाळी चुना कोरडा होता. टाकीत पाणी मोजून ओतलं तर 12.4 लिटर बसलं, आणि रिकाम्या टाकीचं वजन साडेपाच किलो.

आतून फॉस्फोरिक आम्लाने धुऊन, लगेच वाळवून टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल फिरवलं. आमच्याकडच्या हवेत उघडा पत्रा तासाभरात तांबूस होतो, त्यामुळे या कामाला पावसाची उघडीप आणि हेअर ड्रायर दोन्ही लागले. आतून लेप लावला नाही. तो नीट बसला नाही तर पापुद्रे सुटतात, आणि येझदीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं, त्याचा थर पत्र्यावर राहतो. पेट्रोलची नळी मात्र इथेनॉलला टिकणारी घेतली. रंग जुनाच मरून ठेवला, कारण आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी गाडी जुळायला हवी.

पहिली फेरी साखळी, केरी ही गावं करत चोर्ला घाटात. चौथ्या-पाचव्या वळणावर इंजिन मरगळलं आणि बंद पडलं. झाकण उघडलं तर आत हवा शिरल्याचा सुस्कारा आला आणि पेट्रोल पुन्हा वाहू लागलं. झाकणाला नवा वॉशर लावला होता, त्याने हवेचं भोक झाकलं होतं. तिथेच चाकूने वॉशर कापला आणि वरपर्यंत न थांबता गेलो.

त्यानंतर काकांना टाकी दाखवायला नेली. त्यांनी रंगाकडे बघितलंच नाही. डोळे मिटून डाव्या शिवणीवरून तळहात फिरवला आणि झोल काढला होता बरोबर तिथे थांबले. ‘‘इथं जाग्यावर नाही बसलं,’’ म्हणाले. आता पावसाळ्यात मी टाकी भरलेली ठेवतो आणि पंधरवड्याला गाडी साखळीपर्यंत फिरवून आणतो. काल कॉकची जाळी काढून बघितली. स्वच्छ होती.