बाटली आपली, पण ओतायची त्यांनी

नेवार्क ते मुंबई सरळ विमान, पंधरा तासांच्या आसपासचा प्रवास. मागच्या डिसेंबरात मी एकटीच निघाले होते. मी खिडकीला, शेजारी एक काका. सत्तरीचे, कराडकडचे, सहा महिने लेकीकडे राहून परत निघालेले. पायाशी एक फुगलेली पिशवी. तिच्यात बदामाची पाकिटं, नातवंडांसाठी चॉकलेटं आणि ड्युटी फ्रीची एक लिटरची स्कॉच. अमेरिकेत ड्युटी फ्रीची बाटली दुकानात हातात देत नाहीत, विमानात चढताना गेटवर आणून देतात, जाड पारदर्शक पिशवीत सील करून, पावती आत घालून. "धाकट्या भावासाठी घेतलीय," काकांनी मला बसल्याबसल्या सांगितलं.

जेवणाआधी गाडी आली तेव्हा त्यांनी एक व्हिस्की घेतली, जेवणासोबत दुसरी. तिसरी मागितली तेव्हा एअर होस्टेस म्हणाली, "थोड्या वेळाने देते, आधी हे पाणी प्या." पन्नाशीची, शांत बाई होती. काकांना ते लागलं, पण बोलले नाहीत. दिवे मंद झाले, लोक पांघरुणात शिरले. मग मला प्लास्टिक नखाने फाडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बूच फिरवल्याचा. अर्ध्या भरलेल्या कोकच्या ग्लासात त्यांनी अंदाजाने ओतलं. माझी नजर गेलेली बघून म्हणाले, "असू दे गं पोरी. आपलीच हाय, कुणाची चोरलीय व्हय? त्या बाईला सारखा तरास कशाला द्यायचा?"

मी हसले आणि डोळे मिटून घेतले. विमानात आपली बाटली आपणच ओतून प्यायची नसते, हा नियम मला माहीत होता. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला कसं सांगायचं, हा एकच विचार तेव्हा मनात होता. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आयर्लंड जवळ आलं असेल तेव्हा काका बाथरूमला जायला उठले. दोन पावलं टाकली आणि मधल्या वाटेत खाली बसले. बसले म्हणजे गुडघेच गेले त्यांचे. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाचे थेंब. तीच एअर होस्टेस धावत आली. त्यांना तिथेच आडवं केलं, पाय माझ्या उशीवर उंच ठेवले, ऑक्सिजनचं लहान नळकांडं आणून मास्क लावला. विमानात कुणी डॉक्टर आहे का, अशी घोषणा झाली. मागून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाडी धरली आणि विचारलं, "किती घेतलीय यांनी?"

एअर होस्टेसने लगेच सांगितलं, "दोन. दोनच दिल्यात मी. मध्ये तासभर होता, दोन्हींबरोबर पाणी दिलंय." तिच्याकडे पक्का हिशोब होता. पण तो हिशोब चुकीचा होता, आणि ते त्या क्षणी फक्त मला माहीत होतं.

मी पिशवीतून बाटली काढून दिली. तिसरा हिस्सा संपला होता. डॉक्टरीणबाईंनी बाटली दिव्यापुढे धरली आणि एअर होस्टेसकडे पाहिलं. तीनशे मिलिलिटरच्या वर, म्हणजे आपल्या साठच्या मापाने पाच पेग, आणि आधीचे दोन वेगळे. त्यात काका रात्रीची बीपीची गोळी घेऊन बसले होते. कॉकपिटमधून जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. विमान मध्येच कुठे उतरवावं लागेल का, हे अर्धा तास ठरत होतं. तो अर्धा तास मी काकांचा हात धरून जमिनीवर बसले होते. हात गार आणि ओला होता, आणि अधूनमधून ते "आई गं" म्हणत होते.

हळूहळू रंग परत आला. विमान उतरवावं लागलं नाही. उरलेले आठ-नऊ तास ती बाई दर वीस मिनिटांनी येऊन त्यांना बघून जात होती. बाटली क्रूने ठेवून घेतली आणि मुंबईत उतरताना परत दिली. काकांवर कुणी ओरडलं नाही. एवढंच म्हणाली ती मला, "तुम्ही मला सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

अमेरिकी विमान कंपन्यांना लागू असलेला जो नियम आहे, तो सोप्या शब्दांत असा: विमान कंपनीने स्वतः वाढलेली असेल तरच दारू विमानात पिता येते. बाटली कुणाची, याबद्दल त्यात काही नाही, वाढली कुणी एवढंच आहे. त्यामुळे काही थोड्या कंपन्यांत प्रवाशाची सीलबंद बाटली क्रूच्या हाती दिली तर ते त्यातून ओतून देतात. बहुतेक ठिकाणी तेही करत नाहीत. त्याच नियमात पुढे असंही आहे की, ज्याला चढलेली दिसते त्याला कंपनीने आणखी द्यायची नाही आणि विमानात घ्यायचंही नाही. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात किती गेली हे बघण्याची जबाबदारी कायद्याने त्या गाडी ढकलणाऱ्या माणसावर आहे. आपण चोरून ओतलं की ती जबाबदारी तिच्यावर तशीच राहते, फक्त तिचा हिशोब आपण खोटा करून ठेवतो.

आपल्याकडे हे कंजूषपणाचं वाटतं. "त्यांची दारू खपावी म्हणून नियम," असं मी कितीदा ऐकलंय. पण लांब पल्ल्याच्या बऱ्याच विमानांत व्हिस्की फुकट मिळते, तिथे खपवायचं काय? खरी गोष्ट हवेची आहे. विमानाच्या आतला दाब जमिनीसारखा नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईचं शिखर साधारण 5,400 फूट. म्हणजे पंधरा तास आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो आणि तिथे पेग भरतो. जर्मनीत कोलोनला 2024 साली संशोधकांनी 48 निरोगी तरुण माणसांवर हे तपासलं. दोन बिअर होईल एवढी दारू देऊन त्यांना विमानाइतक्या कमी दाबात झोपवलं, तर रक्तातला ऑक्सिजन साधारण 85 टक्क्यांवर आला आणि झोपेतसुद्धा हृदयाचे ठोके मिनिटाला 88 पडत होते. तेवढीच दारू जमिनीवर घेतलेल्यांचा ऑक्सिजन 95 च्या आसपास होता. ती चाळिशीच्या आतली, धडधाकट माणसं होती. आपले आईवडील सत्तरीचे, बीपी-शुगरच्या गोळ्यांवरचे.

पुष्कळ जण मला विचारतात की, मग नेऊ तरी शकतो का? नेता येते, निर्धास्त न्या. गोंधळ सगळा हातातली पिशवी आणि चेक-इन बॅग यांतल्या फरकाचा आहे.

हातात न्यायची तर सिक्युरिटीचा 100 मिलिलिटरचा नियम. त्यात 50 मिलिलिटरच्या छोट्या बाटल्या बसतात, त्यामुळे पोरं त्या शॅम्पूच्या पिशवीत भरून नेतात आणि सिक्युरिटीतून सुटल्या म्हणजे प्यायची परवानगी मिळाली असं समजतात. सिक्युरिटीवाल्यांना द्रव किती आहे एवढंच बघायचं असतं. विमानात त्या उघडल्या तर गुन्हा तोच. भारतात तर बेशिस्त प्रवाशांसाठी 2017 पासून नो-फ्लाय यादी आहे. नुसत्या शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत विमानबंदी, आणि जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान दोन वर्षं. यातले किती प्रसंग स्वतःच्या बाटलीतून सुरू होतात ते विमानात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

चेक-इन बॅगेत 24 ते 70 टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी पाच लिटर चालते, दुकानातल्या न उघडलेल्या बाटलीत. वाइन-बिअर 24 टक्क्यांच्या आत, त्यांना ही मर्यादा नाही. 70 च्या वरचं काही कुठेच चालत नाही. हे झालं विमानाचं. कस्टमचा आकडा वेगळा: भारतात उतरताना माणशी दोन लिटर करमुक्त, अमेरिकेत उतरताना 21 वर्षं पूर्ण झालेल्याला एक लिटर. अहमदाबादला उतरणार असाल तर गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याचं आधी बघा. कुवेतमध्ये देशात बाटली आणायलाच बंदी आहे.

आणि एक फसगत मी दर उन्हाळ्यात ओळखीच्यांच्या बाबतीत बघते. मुंबईच्या ड्युटी फ्रीतून बाटली घेतात, शिकागोला किंवा नेवार्कला उतरतात, आणि पुढे डॅलसचं विमान असतं. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून जायचं असतं आणि मग पुन्हा सिक्युरिटी. सीलची पिशवी शाबूत असेल तर कधी सोडतात, फाटली असेल तर बाटली गेलीच. सामान हातात आलेलं असतं तेव्हाच, तिथल्या तिथे, बाटली मोठ्या बॅगेत घाला आणि मग ती बॅग पुढे सोडा. तेच उलट्या बाजूने: मुंबईला उतरून पुढे नागपूरला किंवा गोव्याला जाणार असाल तर पट्ट्यावरून बॅग घेतल्यावर बाटली आत ढकला. आपल्या देशांतर्गत विमानांत दारू देतच नाहीत, त्यामुळे तिथे उघडायचा तर प्रश्नच नको.

मी सावंतवाडीची. आमच्याकडे दारू म्हटली की काजूची. फेब्रुवारी-मार्चात बोंडं पडायला लागली की भट्ट्या लागतात, पहिल्या धारेचा हुर्राक आधी येतो आणि तो पुन्हा काढला की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबा आठवडाभर खुशीत होते. गोवा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यांना ते आपलंच वाटतं. पहिल्यांदा अमेरिकेला आले तेव्हा त्यांनी जावयासाठी घरगुती फेणी आणायची ठरवली होती, ओळखीच्या भट्टीवरची, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत. मी फोनवर नको म्हटलं तर रुसले. "दुकानातल्या बाटलीला ती चव असता काय?" चव नसते, मला मान्य आहे. पण घरच्या बाटलीवर लेबल नाही, किती टक्के ते लिहिलेलं नाही, सील नाही. ती विमानात चालतच नाही, आणि तिचं बूच सैल झालं तर बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना महिनाभर काजूचा वास. शेवटी पणजीहून बिलासकट सीलबंद बाटली घेतली, 42-43 टक्क्यांची. तोंडाला प्लास्टिक, वर चिकटपट्टी, मग आईच्या जुन्या लुगड्याच्या दोन घड्या आणि बॅगेच्या अगदी मधोमध. थेंबही सांडला नाही. कस्टमच्या कागदावर लिहिली, अधिकाऱ्याने विचारलं हे काय, बाबांनी मोडक्या इंग्रजीत काजूचं झाड समजावून सांगितलं. त्या रात्री न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात ती उघडली तेव्हा घरभर आमचं परसू आलं.

काकांचा मुलगा मुंबईला बाहेर घ्यायला आला होता. व्हीलचेअर ढकलत त्यांना बाहेर आणताना काका मला हळूच म्हणाले, "पोरी, ह्याला काय सांगू नगं." या वेळी मी हसून गप्प बसले नाही. त्यांच्यासमोरच मुलाला सगळं सांगितलं: किती घेतली, गोळी कधी घेतली, ऑक्सिजन किती वेळ लावला, आणि त्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलेले बीपीचे आकडे त्याच्या हातात दिले. काका मान खाली घालून बसले होते. मुलाने पिशवी माझ्याकडून घेतली, फाटलेलं प्लास्टिक बघितलं आणि वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबा येत्या मे महिन्यात पुन्हा येतायत, या वेळी एकटेच. काल फोनवर मी त्यांना सांगितलं, विमानात घ्यायची असेल तर बाईंकडून मागून घ्या, एकच, आणि गोळी कोणती चालू आहे ते त्यांना आधीच सांगा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळीचा नाव इंग्रजीत कागदावर लिवन् दी."