पितळी वाफेचं इंजिन आधी पालथं घालून बघा

मॉडेल रेल्वेचं पितळी इंजिन विकत घेताना बॉक्स उघडला की नजर बॉयलरवरच्या बारीक पाइपांवर जाते. तिथं फार रेंगाळू नका. जपान-कोरियात हातानं जोडलेल्या या इंजिनांचा वरचा भाग सहसा ठीकच असतो. पैसे बुडतात ते खालच्या बाजूला. कपाटात ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी. रुळावर पळवायचं असेल तर इंजिन मऊ कापडावर उलटं करा.

जुन्या मॉडेलांत मोटर आणि गिअरबॉक्स रबरी नळीनं जोडलेले असतात. ही नळी वाळून तडकते. बदलायला सिलिकॉनची नळी चालते. जुनी नळी काढा आणि गिअरबॉक्सचा दांडा बोटांनी हळू फिरवा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकत असेल, तर एखादं चाक आसावर सरकलंय. डाव्या-उजव्या चाकांवरच्या क्रँकमध्ये 90 अंशांचा फरक सगळ्या आसांवर सारखाच हवा. काहीजण अशा वेळी कानस घेऊन चाकं जोडणाऱ्या दांड्यांची भोकं मोठी करतात. अडकणं थांबतं, पण खडखड कायमची मागे लागते. तसं केलेलं इंजिन घेऊच नये.

मग वीज. बहुतेक पितळी मॉडेलांत इंजिन एका रुळावरून करंट घेतं, टेंडर (मागचा कोळशा-पाण्याचा डबा) दुसऱ्यावरून. मधली जोडदांडी टेंडरचा करंट मोटरपर्यंत नेते. कुणी टेंडरची बोगी काढून उलटी बसवली की सरळ शॉर्ट. शिवाय सगळी बॉडीच विजेच्या वाटेत असते. म्हणून सरळ रुळावर छान पळणारं इंजिन वळणावर पुढचं चाक सिलिंडरला घासून शॉर्ट होतं आणि थांबतं. सिलिंडरच्या आतल्या बाजूला एपॉक्सीचा पातळ थर दिला की भागतं.

एचओचं (1:87 मापाचं) इंजिन असेल तर व्हर्नियरनं चाकांमधलं आतलं अंतर मोजा: 14.4 ते 14.5 मिमी. वळणाचाही हिशेब आधीच करा. आठ बाय चारच्या प्लायवर 22 इंचांपेक्षा मोठी त्रिज्या धड बसत नाही, आणि 4-8-4 (पुढची, मधली चालती आणि मागची चाकं) सारख्या लांब इंजिनाला तीसेक इंच लागतात. रुळांच्या छोट्या मांडणीसाठी 0-6-0 किंवा 2-8-0 बघा. मिरज-लोंढा मार्गावरच्या जुन्या मीटर गेज गाड्या उभ्या करायच्या असतील, तर एचओच्या मापात 12 मिमी रूळ लागेल, नेहमीचा 16.5 चालणार नाही.

डीसीसी (डिजिटल कंट्रोल) बसवायचं असेल तर चाकं धरून मोटरचा जास्तीत जास्त करंट मोजा, पण दोन सेकंदांच्या वर धरू नका. एचओचे डिकोडर (इंजिनात बसणारं डीसीसीचं सर्किट) साधारण एक अँपियरचे; जुनी उघडी मोटर सहज त्याच्या पुढं जाते. तिचा एक कार्बन ब्रश बऱ्याचदा चासीला जोडलेला असतो. तो वेगळा न करता डिकोडर लावला की डिकोडर जळालाच.

आस किंवा बुश झिजलं असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळेल. तडकलेल्या गिअरचं तसं नाही. इतके बारीक दाते कापणारा सापडणं अवघड. त्यामुळं गिअर फुटका असेल तर किंमत तेवढी पाडूनच बोला.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पितळ काळवंडतं. म्हणून देवाची भांडी घासतो तशी चिंच किंवा पितांबरी लावू नका: लॅकर (वरचा पारदर्शक लेप) निघतं आणि पावडर गिअरमध्ये शिरते. बॉक्समधला जुना फोमही काढून टाका. तो कुजून रंगाला चिकटतो.