हळदीच्या रात्री शुगर 34 झाली होती, तो माझा अनुभव

मला टाइप 1 डायबेटिस आहे, 14 वर्षांचा असल्यापासून इन्सुलिन घेतोय. जेवणाआधी झटपट काम करणारं आणि रात्री 10 ला ग्लार्जिन, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं. इतकी वर्षं झाली की आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागतं, आणि नेमकं तिथेच फसायला होतं.

मामाच्या गावी, पेणकडे, दादाची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे काय ते आगरी माणसाला सांगायला नको, लग्नापेक्षा हळद मोठी. बेंजो, मटण, भाकऱ्या आणि मागच्या अंगणात पोरांची बैठक. मी तेव्हा 23 चा (आपल्या राज्यात हार्ड ड्रिंकला 25 पूर्ण लागतात, पण हळदीत वय कोण विचारतं). आधी एक स्ट्राँग बियरची मोठी बाटली घेतली, "बियरच आहे रे" म्हणून, मग कोल्ड्रिंकमधून दोन पेग, सोबत चकली-शेंगदाणे, जेवण अजून चुलीवरच. नंतर कधीतरी बसून हिशोब केला तेव्हा कळलं की 650 मिलीच्या स्ट्राँग बाटलीत जवळपास साडेतीन-चार छोट्या पेगांएवढं अल्कोहोल असतं. म्हणजे त्या रात्री माझे दोन नाही, पाच-सहा झाले होते.

पंगत बसली 11 नंतर. जेवणाचं इन्सुलिन घेऊन दोन घास खाल्ले आणि परत नाचायला. साडेबाराला मीटर लावला तर 263. बियर आणि कोल्ड्रिंकची साखर ती, पण तेव्हा डोक्यात एवढंच की शुगर वाढली म्हणजे इन्सुलिन कमी पडलं, म्हणून अजून 5 युनिट टोचले आणि वर तासभर नाचलो. दोनला ओट्यावर जाऊन पडलो. पुढचं मला आठवत नाही, घरच्यांनी सांगितलं ते लिहितोय.

सकाळी सहाला मामी उठवायला आली तर मी काहीतरी बडबडत होतो, जीभ जड, हात झटकत होतो, तोंडाला दारूचा वास. मामा म्हणाला "जास्त झालीय त्याला, झोपूदे". सगळ्यांना ते पटलंही, कारण शुगर खूप लो झालेला माणूस अगदी प्यायलेल्या माणसासारखाच दिसतो आणि मी तर खरंच प्यायलो होतो. वाचवलं ते मोठ्या वहिनीने. तिच्या वडिलांना इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे तिला घाम दिसला. म्हणे उशी पिळून काढावी एवढी ओली, अंग गार. तिने माझ्याच बॅगेतून मीटर काढून बोट टोचलं, 34. मामी साखरपाणी घेऊन आली तोवर मी गिळायच्या अवस्थेत नव्हतो, वहिनीने ते तोंडात ओतू दिलं नाही, ठसका लागून फुप्फुसात गेलं असतं. गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं, त्यांनी शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज दिलं आणि मी म्हणे काही मिनिटांत डोळे उघडून पहिलं विचारलं की दादाची वरात निघाली का. हे अजून प्रत्येक लग्नात ऐकवतात.

लग्न आटोपल्यावर माझ्या नेहमीच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो, ओरडा खायच्या तयारीनेच. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की मी घेतो, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर आधीच शिकवलं असतं." मग कागदावर लिव्हरचं चित्र काढून समजावलं. आपण झोपतो तेव्हा लिव्हर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहतं, साठवलेली असते ती, शिवाय नवीनही बनवतं. दारू आली की ते दारू निस्तरायच्या कामाला लागतं, एका छोट्या पेगाला साधारण तास, आणि नवीन साखर बनवणं अडतं. साठा नाचण्यात आणि उपाशीपणात आधीच संपलेला. इन्सुलिन मात्र आपलं काम करतच असतं, त्याला काय माहीत हळद आहे. म्हणून शुगर पिताना पडत नाही, पहाटे पडते, कधी कधी 24 तासांपर्यंत धोका राहतो. ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तरी त्या रात्री त्याच्यावर विसंबू नकोस म्हणाल्या, कारण ते लिव्हरला साठा सोडायला सांगतं, आणि साठाच नसेल तर सोडणार काय.

उलट्या झाल्या, खाणं जात नाही म्हणून ग्लार्जिन बंद करायचं ही दुसऱ्या टोकाची चूक. त्यात इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होतं, म्हणजे अ‍ॅसिडोसिस होतो, आणि त्यातही श्वासाला वेगळाच वास येतो जो लोक दारूचाच समजतात. म्हणजे दोन्हीकडून "झोपूदे"च.

नंतर वर्षभर मी थेंब घेतला नाही, खरं तर भीतीनेच. मग मॅडमना विचारून घरीच एका शनिवारी करून बघितलं. पोटभर जेवून एक छोटा पेग साध्या सोड्यातून, आणि झोपायच्या आधी, तीनला, सहाला असं मोजत बसलो. आई रात्रभर जागी, माझ्यापेक्षा तिचीच परीक्षा जास्त. आकडे 168, 112, 83. एका पेगात एवढा उतार बघून मलाच धक्का बसला. तेव्हापासून दोनच्या वर जात नाही, उपाशी पोटी नाही, आणि रात्री पिऊन झाल्यावर वाढलेला आकडा बघून तो खाली आणायला जास्तीचं इन्सुलिन (करेक्शन) घेत नाही, त्याची सवय लागायला फार त्रास झाला, हात आपोआप इन्सुलिनच्या पेनकडे जातो. झोपायच्या आधी काहीतरी खातो. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, पाकिटात टाइप 1 ची चिठ्ठी, आणि बैठकीतल्या एका न पिणाऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवतो की मी बरळलो तर आधी बोट टोच, मग हस.

गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाची हळद झाली. तीनचा अलार्म वाजला तेव्हा अंगणात बेंजो चालूच होता. मीटर 76. आत गेलो तर वहिनी भांडी आवरत होती, तिने काही न विचारता भाकरी आणि कपभर दूध पुढे केलं आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली.