एस्टीमचा कीपॅड आणि ईसीएम: जून-जुलैच्या नोंदी

गाडी मारुती एस्टीम, २००० सालची, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो), पासिंग एमएच-०४, ठाण्याचं. बाबांनी नवी घेतली आणि तेव्हापासून ती आमच्याच घरात आहे. घेतल्यावर दोनेक वर्षांनी सोसायटीतली एक गाडी रातोरात चोरीला गेली. बाबांनी त्याच आठवड्यात बारा बटणांचा कीपॅड इमोबिलायझर, म्हणजे कोड दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र, बसवून घेतला. किल्ली फिरवायची, चार आकडे दाबायचे, लांब बीप आला की सेल्फ मारायचा. वीस वर्षांहून जास्त काळ हे बिनतक्रार चाललं. या पावसाळ्यात बिघडलं, आणि एकटं बिघडलं नाही.

१२ जून

कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मोसमातला पहिला जोरदार पाऊस, मागे घोडबंदर रोडची अख्खी रांग. एका रिक्षावाल्यासोबत ढकलून कडेला घेतली. सेल्फ छान फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. वीस मिनिटांनी आपोआप सुरू झाली आणि घरी आली.

गॅरेजवाल्यांनी बॉनेटही न उघडता निकाल दिला. "ईसीएम गेलाय. जुना आणून बसवतो, सात हजार." मी नको म्हटलं. ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, खरंच गेलेला असू शकतो, पण कोणी काहीच मोजलं नव्हतं, आणि न मोजता तो बदलणं मला पटत नाही.

मोबाइलला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर लावून बघ, असं दोघा मित्रांनी सुचवलं. इथे त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून सांगायची सोय, सक्तीचं झालं ते भारत स्टेज ४ या धुराच्या नियमांसोबत, २०१० मध्ये, आणि ओबीडी-२ त्यानंतर २०१३ मध्ये. माझी गाडी त्याच्या दहा वर्षं आधीची आहे. ती फक्त चेक इंजिनच्या दिव्याने बोलते, आणि ते बोलणं समजून घ्यावं लागतं.

१५ जून

सकाळी परत तेच. या वेळी घाई नव्हती, म्हणून नीट पाहिलं. अशा गाडीत किल्ली 'ऑन' केल्यावर तीन गोष्टी बघायच्या. मला या तीन गोष्टींनी अर्धं काम करून दिलं.

सेल्फ फिरतो का? फिरत नसेल आणि बॅटरी चांगली असेल, तर संशय इमोबिलायझरच्या सेल्फ-कटवर. चेक इंजिनचा दिवा लागतो का? हा दिवा ईसीएम स्वतः लावतो. तो अजिबात लागला नाही तर ईसीएम झोपलेला आहे, म्हणजे त्याला वीज किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी वाट) मिळत नाही, किंवा तो खरंच मेलाय. आणि मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाची दोन-तीन सेकंदांची घुरघुर येते का? दिवा लागला आणि घुरघुर नाही, तर पंपाच्या लाइनकडे जायचं.

माझ्याकडे सेल्फ फिरतोय, दिवा नाही, घुरघुर नाही. फ्यूज ठीक, बल्ब ठीक. म्हणजे ईसीएम जागाच होत नव्हता. गॅरेजवाल्यांचं म्हणणं याच खुणेवर उभं होतं. पण झोपलेला माणूस आणि गेलेला माणूस यांत फरक असतो, आणि तो नाडी धरल्याशिवाय कळत नाही.

१८ जून

आज कीपॅडनेही असहकार पुकारला. बाबांचा कोड १९७४, त्यांच्या लग्नाचं साल. तो आता बदललाय, म्हणून इथे लिहितोय. १, ९, ७ ला बीप येतो, ४ ला येत नाही. मग सगळी बटणं दाबून पाहिली. ४, ५ आणि ६ तिन्ही मुकी, बाकी सगळी बोलकी.

यात सगळं उत्तर आहे. बारा बटणांना बारा वायरी नसतात. चार आडव्या ओळी आणि तीन उभे रकाने, मिळून सात वाटा, आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी वाट जोडली जाते. एकच बटण गेलं तर ते बटण खराब. १, ४, ७ आणि * (स्टार) गेले असते तर उभी वाट तुटलेली. ४, ५, ६ एकत्र गेले, म्हणजे दुसरी आडवी वाट तुटलेली. कीपॅड उघडण्याआधीच कुठे बघायचं ते ठरलं.

उघडलं. पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर छापलेल्या रेघा जिथे कनेक्टरमध्ये शिरतात, तिथे पट्टी दुमडून दुसऱ्या रेघेला भेग गेली होती. इथे सोल्डरिंगचा मोह टाळा, प्लास्टिक वितळतं आणि शेजारच्या रेघाही जातात. मी विजेला वाहून नेणारा चांदीचा रंग बारीक ब्रशने लावला, चोवीस तास सुकू दिला. चालला. चार दिवसांनी परत गेला, कारण पट्टी तिथेच पुन्हा वाकत होती. मग पट्टी खराब भागापुरती, सहा मिलिमीटर, सरळ कापली, नवं टोक कनेक्टरमध्ये सरकवलं आणि वळणाखाली फोमचा तुकडा ठेवला. तेव्हापासून तक्रार नाही.

पण ४ चालू झाला, तरी ईसीएम झोपलेलाच. दोन बिघाड एकाच वेळी होते आणि एकमेकांच्या आड लपत होते.

२२ जून

रविवार. पार्किंगमध्ये चटई टाकून डॅशबोर्डखाली आडवा. बाबा स्टूल घेऊन बाहेर बसले आणि टॉर्च धरून उजेड दाखवत राहिले.

कीपॅडचा काळा डबा स्टेअरिंग कॉलमच्या वर बांधलेला. त्यात तीन रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच: एक सेल्फची वायर तोडतो, एक इग्निशनची, एक पेट्रोल पंपाची. बसवणाऱ्याने कंपनीच्या वायरी कापून, पिळून, वर टेप गुंडाळलेली. टेप सोलली तर डिंक विरघळून चिकट झालेला आणि आत तांबं हिरवंगार. खाडीकडच्या दमट हवेत उघडं तांबं असंच होतं, पण हे तर टेपच्या आत होतं. शिवाय पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून याच जोडांवर ठिबकत होतं.

आता मोजमाप. मल्टिमीटर लावला: बॅटरीवर १२.५, इग्निशनच्या जोडापुढे १२.४. सगळं ठीक दिसतंय! इथेच भलेभले फसतात. मल्टिमीटर वायरमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे केसाएवढा धागा शिल्लक असला तरी आकडा पूर्ण दिसतो. वायरीवर काम टाकल्याशिवाय तिची ताकद कळत नाही.

म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायरी लावून 'ओझं' म्हणून जोडला. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास खेचतो. बल्ब लावताच जोडापुढे १०.६. म्हणजे १.९ व्होल्ट वाटेतच जळत होते, आणि हिशोब केला तर त्या जोडात आणि रिलेत मिळून एक ओहमहून जास्त अडथळा. जिथे शून्याच्या जवळ हवा, तिथे एवढा. याच वायरीवर इग्निशन कॉइल आणि ईसीएमला जागं करणारं टोक, दोन्ही. सेल्फ मारताना बॅटरी आधीच खाली येते, त्यात हे नुकसान. ईसीएम काय जागा होणार?

बाबांनी आकडा वहीत लिहून घेतला आणि म्हणाले, "म्हणजे चोरासाठी लावलेलंच घरात चोरी करत होतं."

२९ जून

आठवडाभर विचार करून ठरवलं की कीपॅड काढायचा नाही, पण तो कुठे तोडतो ते बदलायचं.

इग्निशनचा कट पूर्ण काढला. चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडू शकेल असा बाहेरचा रिले त्या वाटेत नको. मुंब्रा बायपासच्या उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक जड होतो. सेल्फचा कट ठेवला, कारण तो खराब झाला तर गाडी फार तर सुरू होणार नाही. पंपाचा कट ठेवला, पण जागा बदलली. आधी तो पंपाचा सगळा करंट अंगावर घेत होता. आता कंपनीच्या पंप रिलेच्या कॉइलची बारीक वायर तोडतो. तिथे अँपिअरचा सातवा-आठवा हिस्साच वाहतो, त्यामुळे संपर्क काळे पडत नाहीत. चोराच्या दृष्टीने फरक नाही, गाडीच्या दृष्टीने खूप आहे.

हा पंपाचा कटही चालत्या गाडीला थांबवू शकतो, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून त्या जोडावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला.

सगळे जोड कापून नवीन केले. पीळ, डाग (सोल्डर), वर डिंकवाली श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी), आणि वायरींना आधार, म्हणजे डाग दिलेल्या कडक टोकाशी थरथरून तुटणार नाहीत. इंजिनवरचा ईसीएमचा अर्थ उघडून पॉलिश पेपरने घासला. सेल्फ मारताना अर्थच्या वाटेत आधी ०.३ व्होल्ट जात होते, आता ०.०४. बल्ब लावून इग्निशनची वाट परत मोजली: १२.४.

किल्ली फिरवली. दिवा लागला, घुरघुर आली, पहिल्या सेल्फला इंजिन सुरू.

६ जुलै

आनंद आठवडाच टिकला. येऊरच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येताना, साधारण अर्ध्या तासाने, तीन हात नाक्याजवळ इंजिन अडखळलं. अडखळताना चेक इंजिनचा दिवा क्षणभर लागून गेला. थंड झाल्यावर ठणठणीत.

इंजिनखान्यातल्या छोट्या मॉनिटर कपलरची दोन टोकं वायरीने जोडली की सुझुकीचा ईसीएम दिव्याच्या उघडझापीने कोड सांगतो. एक लुकलुक, थोडं थांबून दोन, म्हणजे १२, 'काही तक्रार नाही'. मला तेच मिळालं. एवढी अडखळते आणि तक्रार नाही?

मग एक प्रयोग केला. पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर मुद्दाम काढला, इंजिन चालवलं, परत लावला. कोड पाहिला: १४, त्या सेन्सरचा. ईसीएमच्या स्मरणात नोंद झाली. आता गाडी फिरवली, तापून अडखळू दिली, आणि परत कोड पाहिला. १२. नोंद पुसली गेली होती.

या क्षणाला मी पार्किंगमध्ये मोठ्याने 'सापडला' म्हणालो. ती नोंद बॅटरीकडून कायम येणाऱ्या वायरीवर जपली जाते, किल्ली बंद असली तरी. ती वायर बल्ब लावून मोजली, अडखळतानाही एका मित्राकडून मोजून घेतली. १२ च्या खाली गेली नाही. वीज दारापर्यंत येत होती आणि घरात अंधार होत होता. आता बिघाड ईसीएमच्या आतच.

आणखी एक पुरावा न उघडता मिळाला. मॅप सेन्सरला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरला, ईसीएम स्वतःचे ५ व्होल्ट पुरवतो. थंड असताना ५.०, तापल्यावर ४.७, आणि अडखळायच्या आधी ४.४.

१३ जुलै

बॅटरीचा अर्थ काढून ईसीएम बाहेर काढला. झाकण उघडताच मासळीसारखा उग्र वास आला. बोर्डवर तीन उभे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज थोडी साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे डबे), त्यांतल्या दोघांच्या पायाशी तपकिरी डाग. नव्वदीच्या आणि त्याच्या आसपासच्या काळातल्या अनेक ईसीएमचा हा आजार आहे. कपॅसिटरच्या आतलं द्रव रबराच्या बुडातून झिरपतं, मग कपॅसिटर कमजोर होतो आणि गळलेलं द्रव तांब्याच्या रेघाही खातं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याच क्षमतेचे, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे कपॅसिटर आणले. तिन्हींचे मिळून साठ रुपये. व्होल्टेज थोडं जास्त चालतं, कमी नाही, आणि उंची झाकणाखाली बसेल एवढीच हवी, ती मोजून घेऊन गेलो होतो. जुने काढताना ओढू नका. डाग वितळवून शोषून, विक (डाग टिपून घेणारी तांब्याची विणलेली पट्टी) लावून, पाय मोकळा झाला की आपोआप उचलतो. एका ठिकाणी रेघ खाल्लेली होती, तिथे केसासारखी इनॅमल वायर टाकून पूल बांधला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुतलं, सुकवलं, कपॅसिटरची प्लस-मायनस दिशा तीनदा तपासली, वरून लाखेचा थर.

संध्याकाळी जोडला. मॅपच्या टोकावर ५.०१.

२७ जुलै

दोन आठवडे, ६४० किलोमीटर. गायमुखपर्यंतच्या संध्याकाळच्या रांगेत एसी लावून पन्नास मिनिटं, कळवा पुलावर अडकून अर्धा तास. ५ व्होल्ट हलले नाहीत. सेन्सरचा कनेक्टर काढून १४ ची नोंद मी मुद्दाम परत करून ठेवली होती. काल पाहिली तर जागेवर होती, मग बॅटरी काढून पुसली.

काचेचं रबर अजून बदललेलं नाही, सध्या कडेला सीलंट आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दुकानांत विचारलं, मापाचं मिळालं नाही. कोणाकडे एस्टीमच्या पुढच्या काचेचं चांगलं रबर असेल किंवा कुठे मिळतं ते माहीत असेल, तर जरूर सांगा. तो झिरपा थांबला नाही तर माझे नवे जोडही पुढच्या जूनपर्यंत हिरवे होतील.

थंड इंजिनला आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) अजून थोडा वरखाली होतो. थ्रॉटल बॉडी साफ करायची आहे, ते पुढच्या रविवारी.

नवा कोड बाबांनी निवडला. चारही आकडे त्यांनी स्वतः दाबले, बीप ऐकला, सेल्फ मारला आणि गाडी बाहेर काढून मासुंदा तलावाला एक फेरी मारून आले. कोड मला सांगितलाय, इथे लिहीत नाही.